मागे गेलेली मुलं

गणराजचं नाव पुकारताना प्रणालीच्या मनात कसलीही शंका नव्हती. तिसरीतलं हे सगळ्यात चुणचुणीत पोर. ऑगस्टमध्ये त्याने अख्खी गोष्ट घडाघडा वाचून दाखवली होती आणि वर "बाई, दुसरी द्या" म्हणाला होता. आता दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली होती आणि एकेका मुलाला समोर बसवून वाचनाचा स्तर तपासायचं काम चाललं होतं. आधी अक्षरं, मग शब्द, वाक्य, परिच्छेद, शेवटी गोष्ट. मूल जिथे अडेल तो त्याचा स्तर. तो मोबाइलमधल्या ॲपमध्ये भरला, की पुढच्या महिन्यात कुणाला काय शिकवायचं ते ठरवता येई.

गणराजने कागद घेतला. पहिला शब्द वाचला. दुसऱ्यावर बोट ठेवलं आणि तिथेच बसून राहिला.

"वाच की रे."

"वाचतंय."

पण वाचलं काही नाही. थोड्या वेळाने त्याने मान वर केली.

"बाई, ह्यो शब्द मना येत व्हता. आता न्हाय येत."

तो रडला नाही, लाजलाही नाही. रोजच्या जागेवरची वस्तू हात घातल्यावर सापडू नये, तसा नुसता कागदाकडे बघत राहिला. प्रणालीने त्याच्या पाठीवरून हात फिरवून त्याला जागेवर पाठवलं आणि पुढचं नाव पुकारलं.

दुपारपर्यंत कळलं, की मागे गेलेला गणराज एकटा नव्हता. आणखी सहा-सात मुलं तशीच निघाली. मूल पुढे जातं, नाहीतर आहे तिथे रेंगाळतं; इतक्या थोड्या दिवसांत दोन-दोन पायऱ्या खाली उतरत नाही, एवढं तिला ठाऊक होतं.

कोंडखारची शाळा दोन शिक्षकी. प्रणालीकडे तिसरी-चौथी, मुख्याध्यापक सिराजुद्दीन सरांकडे पहिली-दुसरी. गावात वरची आळी, मोहल्ला आणि खाडीच्या बांधाला टेकून असलेली खारवाडी, अशा तीन वस्त्या. प्रणाली दोन वर्षांपूर्वी इथे आली आणि खारवाडीत आवडाबाईंच्या घराची पुढची खोली भाड्याने घेऊन राहिली. नवरा कुलदीप न्हावा शेव्याला कंटेनर यार्डात कामाला, रविवारी यायचा. मुलगी प्राप्ती इथेच दुसरीत होती.

पहिली भीती तिला स्वतःचीच वाटली. जुलैमध्ये तिने पुस्तकाचा क्रम बाजूला ठेवला होता. इयत्ता न बघता स्तराप्रमाणे मुलांचे गट केले होते, ज्या गटाला जे येत नाही तेवढंच रोज तासभर घ्यायचं, असं स्वतःचं नियोजन बसवलं होतं. आजूबाजूच्या शाळा बघणाऱ्या केंद्रप्रमुखांनी शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत त्याचं कौतुक केलं, तिला उभं करून बोलायला लावलं. आणि आता तीच मुलं विसरत चालली होती. आपल्या अतिशहाणपणाने लेकरांचं वाटोळं केलं की काय, हा विचार तिला खडू धरू देईना.

सिराजुद्दीन सर खुर्चीत मागे टेकून शांतपणे ऐकत होते. नोकरीची थोडीच वर्षं उरलेला, कुणाच्या अध्यात ना मध्यात असा माणूस.

"सुट्टीत विसरतात मुलं, मॅडम. जरा थांबा, पुन्हा घ्या चाचणी. तोवर जुनाच स्तर राहू द्या."

"पण सर, जुना स्तर खोटा होईल ना."

"आलेख खाली गेला की वरून पहिला फोन मला येतो. दुसरा तुम्हाला. तुम्ही तर अजून कायमही नाही झालात." ते आवाज न चढवता म्हणाले, आणि म्हणूनच ती जास्त घाबरली.

तिने ॲपमध्ये काही भरलं नाही. घरी येऊन साध्या कागदावर मुलांची नावं मांडली आणि त्यांचे नाना गट पाडून बघितले. गैरहजर राहणारी वेगळी काढली, जमलं नाही. उपाशी येणारी काढली, तेही नाही. मग कुठलं मूल कुठे राहतं ते नावापुढे लिहिलं. मागे गेलेलं प्रत्येक मूल खारवाडीचं होतं. मोहल्ल्यातलं एक नाही, वरच्या आळीतलं एक नाही. त्या मुलांना हीच बाई होती, हीच सुट्टी होती, आणि ती एकेक पायरी वर चढली होती.

क्षणभर तिला हायसं वाटलं. म्हणजे चूक आपल्या शिकवण्यात नव्हती. मग तिची नजर उंबऱ्यात बसलेल्या प्राप्तीकडे गेली. हीसुद्धा खारवाडीचीच.

प्राप्तीचा स्तर सरांनी घ्यायचा होता आणि त्यांनी जुनाच ठेवला होता. प्रणालीने तिला जवळ घेतलं, पुस्तक उघडलं. "हे वाचून दाखव बघू."

"पोट दुखतंय माझं."

पोट दुखतंय हे दिवाळीच्या आधीपासून चाललं होतं. प्रणालीने जंताचं औषध देऊन विषय संपवला होता. हल्ली पोर चिरचिरी झाली होती, जेवणात लक्ष नव्हतं. सगळ्याला तिने बाबांची आठवण हे एकच कारण लावलं होतं.

"एकच ओळ, बाळा."

प्राप्तीने 'नारळ' मधला 'ना' वाचला. 'र' वर अडली. आईच्या तोंडाकडे बघितलं, पुन्हा 'ना' म्हणाली. मग पुस्तक ढकलून दिलं आणि जमिनीवर आडवी झाली. प्रणाली तिच्याशेजारी बसली. तिने पुस्तक उचलून मिटलं.

खारवाडीत असं काय होतं, जे बाकी गावात नव्हतं? सकाळी शाळेला निघताना ती प्रथमच नीट बघत चालली. पाणी तर सगळ्या गावाला एकाच टाकीतून येई. मग तिचं लक्ष पायाखाली गेलं. वाडीतली वाट पावसाळ्यात गुडघाभर चिखलाची. गणपतीच्या तोंडावर रावजींनी तिच्यावर फुकटात काळी बारीक खडी पसरून दिली होती आणि सगळी वाडी खूश झाली होती. रावजी म्हणजे आवडाबाईंचे थोरले चिरंजीव, गणराजचे वडील आणि शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष. खडी आली होती बांधापलीकडच्या शेडमधून. रावजींनी आपली खाऱ्या पाण्याने पडीक पडलेली खाजण जमीन बाहेरच्या माणसांना भाड्याने दिली होती. तिथे टेम्पोने जुन्या बॅटऱ्या येत, त्या फोडून शिसं वितळवत, आणि भट्टीतून उरलेला काळा चुरा असा वाटेवर पडला होता. त्या चुऱ्यात वाडीची पोरं गोट्या खेळत होती. तळवे काळे, नखं काळी. एकाने गोटी तोंडात धरली होती.

"आवडाबाई, शेळ्या कधी गेल्या हो तुमच्या?" आवडाबाईंच्या अचानक मेलेल्या शेळ्या आठवून तिने मागे अंगणाकडे वळून विचारलं.

"नवरात्रात. तोंडाला फेस आला नि गेल्या," आवडाबाई अंगण झाडता झाडता म्हणाल्या. "वाऱ्यानं धूर हिकडंच येतो गो. घशाला आंबट लागतं. पण रावजीला कोन सांगनार."

त्या दिवशी रजा टाकून प्रणाली प्राप्तीला घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात गेली. डॉक्टर रेहाना जवळच्या मुरुडच्या. त्यांनी पोरीच्या पापण्या खाली ओढून बघितल्या, हिरड्या बघितल्या, पोट दाबलं. मग प्रणालीने पिशवीतून मुलांच्या नावांचा तो कागद काढला आणि शेडचं, काळ्या चुऱ्याचं सांगितलं. डॉक्टरांनी तो बराच वेळ वाचला.

"हे सगळं खारवाडी?"

"सगळं."

"मला शिशाचा संशय येतोय," त्या म्हणाल्या. "ते लहान मुलांच्या डोक्यावर जातं. पण रक्ताची ही तपासणी इथे होत नाही, मुंबईला पाठवावी लागते. आणि एका मुलीच्या रक्तावरून मला त्या शेडपर्यंत जाता यायचं नाही. या सगळ्या मुलांचं रक्त हवं. आईवडिलांची संमती हवी. ती कोण आणणार?"

उत्तर दोघींनाही माहीत होतं.

तोवर पोरीला त्या वाटेवर खेळू देऊ नका, जेवणाआधी हात साबणाने धुवा, घर झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा, असं सांगून त्यांनी प्राप्तीचं रक्त घेतलं. प्राप्ती सुईला रडलीसुद्धा नाही. आईला तेही आवडलं नाही.

प्रणाली वाडीतल्या चार घरी गेली. तीन घरचे कमावते हात शेडवर होते. बायका ऐकून घेत, चहा विचारत आणि "ह्यांना विचारून सांगते" म्हणत. ज्यांना विचारायचं होतं, त्यांनी रावजींच्या कानावर घातलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती प्राप्तीचा हात धरून बांधावरून येत होती. मागून मोटरसायकल आली आणि तिच्या बरोबरीने हळूहळू चालू लागली. वर शेडचा मुकादम. पंधरा ऑगस्टला शेडवाल्यांनी शाळेला टीव्ही दिला होता तो याच्याच हातून.

"टीव्ही बरोबर चालतो ना, मॅडम?"

"चालतो."

"कंप्लेंट असली तर मला सांगायची. बाहेर फिरायची काय गरज?" त्याने प्राप्तीकडे बघून हसल्यासारखं केलं. "बेबी कितवीला आहे?"

प्रणालीने प्राप्तीला दुसऱ्या बाजूला घेतलं. गाडी आणखी थोडा वेळ तशीच शेजारून चालली आणि मग निघून गेली. घरापर्यंत पोचायला तिला कधी इतका वेळ लागला नव्हता. फोनवर कुलदीप म्हणाला, "दोघी उद्याच्या गाडीने इकडे या. नोकरी गेली चुलीत." तिलाही तेच वाटत होतं. पण प्राप्तीला नेता येईल, बाकीच्यांना कुठे नेणार?

दिवेलागणीला रावजी दारात आले. आत आले नाहीत. चौकटीला हात लावून उभे राहिले.

"बाई, दोन वर्षं आमच्या घरात ऱ्हायल्यात. काय कमी केलं आम्ही?"

"काहीच नाही, दादा."

"मंग वाडीत कशाला काडी टाकता? पोरं शिकत न्हाईत तर शिकवायचं. ते सोडून शेडवर ढकलायचं? ह्या शेडवर धा घरांच्या चुली पेटतात." त्यांचा आवाज खाली आला. "गावात ऱ्हायचं तर गावासारखं ऱ्हावं. तुमची लेक पण हितंच खेळते."

दार लावून घ्यावं, सकाळची पहिली एसटी पकडावी असं तिला मनापासून वाटलं. पण रावजींच्या मागे, अंगणात, गणराज उभा होता.

"गणराज, इकडे ये रे," ती म्हणाली. तिने ऑगस्टमधली तीच गोष्ट त्याच्या हातात दिली. "दादा, ही याने मला वाचून दाखवली होती. तुम्ही पेढे दिले होते शाळेत. आता ऐका."

गणराजने कागद डोळ्यांजवळ नेला. एक शब्द. मग काहीच नाही.

"वाच," रावजी म्हणाले.

त्याने ओठ हलवले.

"वाच म्हनतो ना. नाटकं करतंस?" रावजींनी हात उगारला. पोरगं मागे सरलं नाही, की हात आडवा घेतला नाही. उगारलेल्या हाताकडेही त्याने कागदाकडे बघावं तसंच बघितलं. रावजींचा हात हवेतच राहिला. मग त्यांनी तो खाली घेतला, मुलाला खांद्याला धरलं आणि मागच्या दारी निघून गेले.

ते काय करतील याचा प्रणालीला काही अंदाज येईना. तिने कडी घातली, दाराला पाटा टेकवला आणि प्राप्तीला कुशीत घेऊन पडून राहिली.

रावजींनी काही केलं नाही. जे झालं ते दोन दिवसांनी वर्गात झालं. गणिताचा तास होता. गणराजने पाटी खाली ठेवली, ती नीट सरळ केली आणि एका कुशीवर कलंडला. हातपाय ताठ झाले, डोळे फिरले, दातखीळ बसली. मुलं भिंतीला चिकटली. प्रणालीने त्याला कुशीवर धरून ठेवलं आणि सरांना हाक मारली. ती हाक कशी निघाली ते तिला नंतर आठवेना.

सिराजुद्दीन सर धावत आले. या माणसाला धावताना गावाने कधी बघितलं नव्हतं. त्यांनी मुलाला स्वतःच्या गाडीत मागे ठेवलं, बातमी ऐकून धावत आलेल्या आवडाबाई मांडी देऊन बसल्या. आरोग्य केंद्रातून डॉक्टर रेहानांनी त्याला लगेच अलिबागला हलवलं आणि तिथून मुंबईला. रावजी आरोग्य केंद्राच्या वाटेवरच, आगरदांड्याला, सरांच्या गाडीत चढले होते. त्यांनी कसली चौकशी केली नाही, फक्त सरांना विचारलं, "बाईंनी सांगितलं ते खरं हाय का?" सर म्हणाले, "मला वाटतं, होय."

दुसऱ्या दिवशी खारवाडीतली एकूण एक मुलं रक्त द्यायला आली. ज्यांनी "ह्यांना विचारून सांगते" म्हटलं होतं, त्या बायका सगळ्यांच्या आधी आल्या होत्या.

अहवाल येईपर्यंतचे दिवस प्रणालीने कसे काढले ते तिलाच माहीत. प्राप्तीचा हात जरा बधिर वाटला, चमचा पडला, हाक दिल्यावर ती लगेच वळली नाही, की ती हातातलं काम टाकून तिच्याजवळ जाई. आणि अहवाल आले तेव्हा डॉक्टरांनी आधी तिला खुर्चीत बसवलं. सगळ्या मुलांच्या रक्तात शिसं होतं. गणराजच्या सगळ्यात जास्त. त्याला रुग्णालयात ठेवूनच औषध द्यावं लागणार होतं. प्राप्तीच्या त्याहून खूप कमी, पण असायला नको होतं तेवढं.

"रक्तातलं उतरेल," डॉक्टर रेहाना म्हणाल्या. "चुऱ्यापासून दूर ठेवलं, दूध-अंडी, लोहाच्या गोळ्या दिल्या, तर उतरतंच. पण डोक्याचं जे नुकसान झालं असेल, ते किती भरून येईल हे मी सांगू शकत नाही. कुणीच सांगू शकत नाही."

त्या दुपारी सिराजुद्दीन सरांनी प्रणालीला बोलावलं, मोबाइल समोर ठेवला आणि खारवाडीच्या मुलांचे खरे स्तर तिच्याकडून ऐकत स्वतः भरले. बोटं जड होती, दोनदा चुकले. पडद्यावर शाळेची रेघ खाली कोसळली. मग त्यांनी केंद्रप्रमुखांना फोन लावला. "साहेब, आमचा आलेख खाली आलाय. चूक नाही ती. तसाच वर जाऊ द्या, आणि कशामुळे ते मी लेखी देतो." फोन ठेवल्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "प्राप्तीचा स्तर मी न बघताच ठेवला होता, मॅडम."

चौकशीला अधिकारी आले त्याच्या आदल्या दिवशीच शेड रिकामी झाली होती. पत्रे, फुटक्या बॅटऱ्यांचा ढीग आणि भट्टीची राख, एवढंच मागे. मुकादमाचा फोन लागेना. माणसं कुठे गेली, कुणालाच सांगता येईना, आणि प्रणालीला याचीच सर्वांत जास्त भीती वाटली. अशी दुसरी पडीक जमीन आणि अशीच चिखलाची वाट कुठेतरी असणारच. पुढच्या शिक्षण परिषदेत ती स्वतःहून उभी राहिली आणि म्हणाली, की आपण आकडे इयत्तेने लावतो, मुलगा-मुलगीने लावतो; एकदा वस्तीप्रमाणे लावून बघा. काहींनी लिहून घेतलं.

शाळेचं नियोजन पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं. मागे गेलेल्या मुलांचा वेगळा गट केला, पण त्यांना वेगळं बसवलं नाही. पोरं चिडवतील म्हणून मोहल्ल्यातल्या राहील आणि नूरैनसारख्या पुढच्या मुलांसोबत जोड्या लावल्या. धडा मोठा असला तर तुकडे केले, आणि तेच तुकडे आज, उद्या, परवा पुन्हा घेतले. कधी एखादं मूल एक पायरी चढे. कधी महिनाभर काही हलत नसे.

मार्चमध्ये ती मुरुडला खोली घेऊन राहिली आणि रोज एसटीने येऊ लागली. कुलदीपचा हट्ट होता, आणि तिलाही प्राप्तीला त्या वाडीत झोपवणं अशक्य झालं होतं. सामान हलवताना आवडाबाईंनी तिला नारळ दिले आणि "येत जा गो" म्हणाल्या. प्रणालीला मान वर करवेना. तिला जाता येत होतं. बाकीच्यांना येत नव्हतं.

वाटेवरचा चुरा सरकारी माणसांनी खरवडून नेला, पण शेडपाशी अजून ताडपत्रीखाली ढीग होता. एके दुपारी प्रणाली शाळेतून निघाली तेव्हा रावजी त्या ताडपत्रीच्या कडांवर दगड ठेवत होते, वाऱ्याने उडू नये म्हणून. तोंडाला उपरणं बांधलं होतं. गणराज मुंबईहून परत आला होता. चालत होता, जेवत होता, वर्गात शांत बसून असे.

रावजींनी उपरणं खाली ओढलं. "बाई, खरं सांगा. माझा पोर पयल्यासारखा व्हईल ना?"

तिच्या ओठांवर 'होईल' आलं होतं. तेवढंच ऐकायला तो माणूस उभा होता.

"मला माहीत नाही, दादा," ती म्हणाली. "या महिन्यात चार नवे शब्द आलेत त्याला. पुढच्या महिन्यात किती येतील ते मी सांगू शकत नाही."

रावजींनी मान हलवली. मग "चार आले, व्हय," एवढंच म्हणाले आणि पुढचा दगड उचलला.